सात फॉरमॅटचे रेवणकर सर

रेवणकर सरांना मी तीन वर्षांत एकदाही की-बोर्डला हात लावताना पाहिलं नाही. ते आम्हाला कम्प्युटर शिकवायचे.

हे वाक्य लिहून मी दोन दिवस थांबले. आमच्या घरात शिक्षकांबद्दल वाईट बोलायची पद्धत नाही. माझे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी आहेत. आई चौथीपर्यंत शिकली. घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. प्रवेशाच्या कागदांवर सही करायला वडील आले होते, तेव्हा जिन्यात रेवणकर सर दिसले. हे आपल्या मुलीचे सर आहेत असं कळल्यावर वडिलांनी चपला काढल्या आणि हात जोडले. सर फोनवर बोलत होते. त्या चपला ओलांडून ते तसेच वर गेले. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट इतके कामात असलेले सर आपल्याला शिकवणार म्हणून अभिमान वाटला. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिताना हात अजून अडखळतो. आधी मला त्यांची भीती वाटायची, मग राग यायला लागला, आता रागही येत नाही. जे शिल्लक आहे ते लिहून ठेवते.

दिसायला सर नीटनेटके होते. कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यात कॉलेजची निळी रिबन आणि रिबनीला ओळखपत्राबरोबर तीन पेन ड्राइव्ह. चालताना ते एकमेकांवर आपटायचे, त्यामुळे सर पॅसेजमध्ये असतानाच लॅबमध्ये सगळे सरळ बसायचे. हातात नेहमी लेझर पॉइंटर. लॅबचा प्रोजेक्टर मी पहिल्या वर्षाला असतानाच बंद पडला होता, पण पॉइंटर चालू होता. सर कोऱ्या भिंतीवर लाल ठिपका फिरवत शिकवायचे. "इथे समजा युजर बसलाय. इथे समजा डेटाबेस. आता बघा, युजर इथून इथे आला." ठिपका भिंतीवरून सरकायचा आणि आम्ही साठ जणं भिंतीकडे बघत ते वहीत उतरवून घ्यायचो. मी तर भिंतीवरचा ओलीचा डागही एकदा चौकोन म्हणून काढला होता.

कम्प्युटरवर काही करून दाखवायचं असलं की सर एखाद्याच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि बोलायला लागायचे. "राइट क्लिक. खाली ये. अजून खाली. गेलीस ना पुढे, वर ये." जमलं की म्हणायचे, "बघा, किती सोपं आहे." नाही जमलं तर खुर्चीत बसलेल्याला सगळ्यांसमोर विचारायचे की घरी कम्प्युटर आहे का. माझ्याकडे नव्हता. मला त्यांनी हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर नाही असंच होतं, आणि तिन्ही वेळा त्यांनी ते नव्यानं ऐकल्यासारखी मान हलवली.

त्यांचे आवडते शब्द दोन होते. पहिला आर्किटेक्चर. म्हणजे चौकोन काढायचे, त्यांत नावं लिहायची आणि बाणांनी ते जोडायचे. हे काम सर मनापासून करायचे आणि चौकोन खरोखर सुंदर काढायचे. दुसरा शब्द होता इम्प्लिमेंटेशन डिटेल. चौकोनाच्या आत नेमकं काय चालतं असं कोणी विचारलं की सर हा शब्द वापरायचे. तो उच्चारताना हात असा झटकायचे की विचारणाऱ्याला आपण काहीतरी फार खालच्या दर्जाचं विचारलं असं वाटावं.

दुसऱ्या वर्षाला मी धीर करून विचारलं होतं की झिप आणि रार यांत फरक काय. दोन्हींत आपण बऱ्याच फायली एकत्र बांधून एकच फाइल करतो, मग दोन वेगळी नावं कशाला? सरांनी पॉइंटर बंद केला.

"कंपनी वेगळी," ते म्हणाले. "फ्रिज वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात की नाही? पाणी गारच होतं ना? मग?"

वर्ग हसला. मीही हसले. ते उत्तर मी वहीत लिहून घेतलं.

सरांच्या आयुष्याचं मोठं काम म्हणजे सर्वसंग्रह. हे त्यांनीच ठेवलेलं नाव. फायली बांधून ठेवायचा आणि पुन्हा सोडवायचा हा एक प्रोग्राम. जगात अशी बांधणी करायच्या अनेक तऱ्हा आहेत आणि प्रत्येक तऱ्हेला फॉरमॅट म्हणतात. एरवी प्रत्येकीसाठी वेगळी सोय शोधावी लागते, सर्वसंग्रहात सगळे फॉरमॅट एकाच खिडकीत, असा सरांचा दावा होता. दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या एका जोडीला सर हाच प्रोजेक्ट द्यायचे, तिचे गाइड व्हायचे, आणि ती जोडी त्यात एका फॉरमॅटची भर घालायची. वर्षाच्या शेवटी प्रोजेक्टचं जे जाड, काळ्या बांधणीचं पुस्तक द्यावं लागतं, त्याला सगळे ब्लॅक बुक म्हणतात. त्याच्या मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत फॉरमॅटचा आकडा असायचा. गेल्या वर्षीच्या पुस्तकावर सहा होता. आमच्यावर सात असायला हवा होता. पुस्तकं सरांच्या टेबलामागे ओळीनं लावलेली होती आणि पाहुणे आले की सर ठिपका एकेका आकड्यावरून वर न्यायचे.

आमची जोडी म्हणजे मी आणि रुमाना मुकादम. रुमाना पनवेलजवळच्या खाडीकाठच्या गावातली. तिच्या घरी तीन पिढ्यांचा व्यापार, त्यामुळे समोरच्यानं दाखवलेला माल उलटा करून बघायची तिला सवय होती. सर तिला घाबरट समजायचे, कारण ती वर्गात बोलायची नाही. ती सगळं नंतर माझ्याकडे बोलायची.

पहिल्याच आठवड्यात तिनं सर्वसंग्रहात एकच फोटो सहाही फॉरमॅटमध्ये बांधला आणि तयार झालेल्या सहा फायली साध्या नोटपॅडमध्ये उघडल्या. आत सगळा अगम्य कचरा दिसतो, पण सुरुवातीची दोन-चार अक्षरं वाचता येतात. प्रत्येक फॉरमॅटची ती खूण असते. झिप फाइल पी आणि के या अक्षरांनी सुरू होते. रुमानानं एकेक करून मला दाखवलं. झिप, पीके. रार, पीके. सेव्हन-झेड, पीके. सहांतल्या पाच फायली पीकेनं सुरू होत होत्या.

म्हणजे आत बांधणी झिपचीच होती आणि बाहेर नाव बदलून लावलेलं होतं. फाइल उघडणारे चांगले प्रोग्राम नावाकडे न बघता आतली खूण बघतात, म्हणून सगळ्या फायली व्यवस्थित उघडायच्या आणि इतकी वर्षं कोणाला शंका आली नव्हती. कोणत्या तरी पहिल्या बॅचनं वेळ संपत आल्यावर हे केलं असणार, आणि पुढच्यांनी तेच पुढे चालवलं. झिपशिवाय एकच फॉरमॅट खरा निघाला, टार. तो कोणी तरी मुलानं किंवा मुलीनं अक्षर-अक्षर जुळवून स्वतः लिहिला होता. त्या प्रोग्रामवर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.

"आपण सरांना सांगायला पाहिजे," मी म्हणाले.

"सांग की. बाटली एक, लेबलं पाच. त्यांना माहीत नसेल असं वाटतं तुला?"

मला खरंच तसं वाटत होतं. आम्ही गेलो. सर चौकोन काढत होते. मी अडखळत सगळं सांगितलं आणि पीके दाखवलं.

"फाइल उघडते?" सरांनी विचारलं.

"उघडते, सर. पण ती रार नाहीये."

"युजरला काय दिसतं? रार दिसतं. उघडली की झालं. हे इम्प्लिमेंटेशन डिटेल आहे, यात अडकलीस तर तुझं आर्किटेक्चर कच्चं राहील. सातवा कुठला घेताय?"

रुमाना पहिल्यांदाच सरांसमोर बोलली. "सर, सातवा आत्ता टाकते. आठवापण लगेच होईल. नाव तेवढं सांगा."

सर खूश झाले. "अँबिशन चांगली आहे तुझी," ते म्हणाले. "पण आठवा नको. पुढच्या बॅचला काहीतरी राहिलं पाहिजे."

त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मला त्या दिवशी समजलं नाही आणि आजही समजलेलं नाही. माहीत असून चालवत असते तर त्यांना लबाड म्हणता आलं असतं. माझा अंदाज असा की माहीत करून घ्यायची त्यांना कधी गरजच पडली नाही. घरी मी वडिलांना हे सांगितलं. त्यांना कम्प्युटरचं काही कळत नाही, पण त्यांनी एवढंच विचारलं की बारा एमएमच्या सळईला कोणी सोळाचा टॅग बांधला तर तो बाजारात किती दिवस टिकेल. मी म्हणाले, कॉलेजात बराच टिकतो.

त्याच वर्षी कॉलेजला तपासणी समिती येणार होती. आणि इथे घरत मॅडमची ओळख करून द्यायला हवी. त्या ऑफिसात क्लार्क होत्या, जासईच्या. नऊ वर्षं कंत्राटावर, दर जूनला कंत्राट नव्यानं मिळायचं. खिडकीत गेलं की आधी "काय खाल्लंस?" विचारायच्या, मग काम. विद्यार्थ्यांचे जुने दाखले आणि फॉर्म ज्या खोलीत होते तिचं छत गळत होतं, म्हणून प्राचार्यांनी सगळं स्कॅन करायला सांगितलं होतं. मॅडमनी वर्षभर बसून दोन हजारांवर कागद स्कॅन केले. प्रत्येक फाइलला त्यांनी विद्यार्थ्याचं नाव दिलं, आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आणि ते मराठीत दिलं. कारण साधं होतं. फॉर्म मराठीत भरलेले होते, आणि इंग्रजीत एकाच आडनावाची चार स्पेलिंगं होतात, मग शोधताना माणूस सापडत नाही. काम झाल्यावर भिजलेले कागद ऑफिसनं रद्दीत काढले. आता जे होतं ते स्कॅनच.

समितीला दाखवायला काहीतरी हवं होतं. रेवणकर सरांनी सुचवलं की हे सगळं रेकॉर्ड सर्वसंग्रहात बांधून सुरक्षित करावं. फॉरमॅट त्यांनी टार निवडला. का, तर मोठ्या बँका हाच वापरतात असं त्यांनी प्राचार्यांना सांगितलं. बँकांचं त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. इतर पाचांपैकी कुठलाही फॉरमॅट निवडला असता तर पुढचं काही झालं नसतं. आतून तो झिपच असता आणि झिपचा भाग तयार मिळालेला असल्यामुळे नीट चालत होता.

सर कोणत्याही गोष्टीची चाचणी तीन फायलींवर घ्यायचे. त्यांचा बायोडेटा, एका सूर्यफुलाचा फोटो आणि एक गाणं. तिघांची नावं इंग्रजीत. तिन्ही फायली टारमध्ये गेल्या, बाहेर आल्या. सर म्हणाले, टेस्टिंग पूर्ण.

मग समितीसमोर कार्यक्रम झाला. प्राचार्यांनी बटण दाबलं, पट्टी हिरवी झाली, सगळं रेकॉर्ड एका फाइलीत बांधलं गेलं. सरांचा खरा हातखंडा त्यानंतर होता. त्यांनी खुर्चीतल्या मुलाला सांगितलं, "आता मूळ फोल्डर सिलेक्ट कर. डिलीट. कायमचं डिलीट. बघा मॅडम, बघा सर, केवढी जागा मोकळी झाली!" समितीनं टाळ्या वाजवल्या.

टार नुसतं बांधतं, दाबून लहान करत नाही. जेवढी जागा मोकळी झाली तेवढीच ती नव्या फाइलीनं व्यापली होती. रुमाना माझ्या कानात म्हणाली, "सामान पिशवीत भरलं आणि म्हणतायत, बघा वजन उतरलं." मला हसू आलं आणि समितीतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पण टाळ्या वाजवल्या. हे लिहायला हवं.

महिनाभरानं जासईकडच्याच एका कंटेनर यार्डात काम करणारा जुना विद्यार्थी दाखल्याची प्रत मागायला आला. त्याला कायम करणार होते, आणि दाखला लागणार होता. मॅडमनी लॅबमधून कोणाला तरी बोलावून फाइल सोडवली. दोन हजारांवर कागदांऐवजी आतून एकेचाळीस फायली आल्या. त्यांच्या नावांच्या जागी नुसत्या रेघा होत्या.

सरांना बोलावलं, मीही मागोमाग गेले. त्यांनी भिंतीकडे, मग स्क्रीनकडे पाहिलं, आणि मॅडमना विचारलं की फायलींना नावं मराठीत कोणी दिली.

"मीच," मॅडम म्हणाल्या.

"झालं तर मग," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद मी स्वतः पाहिला. "फाइलचं नाव इंग्रजीत द्यायचं ही बेसिक शिस्त आहे. चुकीचं इनपुट दिलं तर सिस्टिम काय करणार?"

त्यांनी त्याच दुपारी प्राचार्यांना लेखी अहवाल दिला. तोही एका मुलाकडून टाइप करून घेतला. अहवालात आर्किटेक्चरची आकृती होती, एका चौकोनात 'ऑफिस' लिहिलं होतं, आणि तेवढाच चौकोन लाल होता. मॅडमना मेमो मिळाला. रेकॉर्ड नष्ट झाल्याबद्दल पंधरा दिवसांत खुलासा द्यावा, तो समाधानकारक नसल्यास कंत्राटाचं नूतनीकरण होणार नाही.

मॅडम खिडकीत तशाच बसलेल्या होत्या. मी गेले तर त्यांनी काय खाल्लंस विचारलं नाही.

"तूच सांग गं बाय," त्या म्हणाल्या. एरवी ऑफिसात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, त्या दिवशी गावचं बोलल्या. "फॉर्म मराठीत हाय, सही मराठीत हाय. पोराचा नाव मराठीत लिवला तं कोनाचा काय गेला?"

मी आणि रुमाना टारचा तो प्रोग्राम घेऊन बसलो. ज्यानं लिहिला त्यानं फक्त इंग्रजी अक्षरांचा विचार केला होता. मराठी अक्षर आलं की त्याच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि बाहेर काढताना प्रश्नचिन्हाच्या जागी रेघ. नावात जितकी अक्षरं तितक्या रेघा. म्हणजे सारख्या लांबीच्या सगळ्या नावांचं एकच नाव झालं होतं, आणि बाहेर येताना प्रत्येक फाइल आधीच्या फाइलीवर जाऊन बसत होती. शेवटची तेवढी उरायची. चूक मॅडमची नव्हतीच. महाराष्ट्रातल्या कॉलेजसाठी केलेल्या प्रोग्रामला इतक्या वर्षांत कोणी एक मराठी नाव देऊन बघितलं नव्हतं, ही ती चूक.

"पण हिचं वजन बघ," रुमाना म्हणाली. बांधलेली फाइल अजून पहिल्याइतकीच मोठी होती. "काही गेलेलं नाहीये. सगळं पोटात आहे."

आम्ही दोन दिवसांत छोटासा प्रोग्राम लिहिला. तो नावाकडे बघतच नव्हता. पहिली फाइल बाहेर काढ, तिला एक नंबर दे, दुसरीला दोन. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे कागद बाहेर आले. दोन हजारांवर फायली, नुसते आकडे. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

ते काम मॅडमनी केलं. आठ दिवस, ऑफिस सांभाळून, एकेक फाइल उघडायची, फॉर्म वाचायचा, नाव टाकायचं. पुन्हा मराठीतच टाकलं. मी मदतीला बसायचे. जिथे कागद भिजून शाई फुटली होती तिथे त्या फोटो बघायच्या आणि ओळखायच्या. ही उलव्याची, हिच्या भावालाही आपणच दाखला दिलेला. हा रोज उशिरा यायचा, याच्या बाबांची सही वाकडी आहे. यार्डातल्या मुलाचा दाखला तिसऱ्या दिवशी सापडला आणि मुदतीत पोचला.

आम्ही सगळं पेन ड्राइव्हवर घालून सरांना दाखवायला गेलो. मला वाटलं होतं, आता ते अहवाल मागे घेतील. सरांनी पेन ड्राइव्ह घेतला, रिबनीला लावला आणि म्हणाले, "व्हेरी गुड. रिकव्हरी मॉड्यूल. हे आपल्या आर्किटेक्चरमध्ये होतंच, तुम्ही फक्त इम्प्लिमेंट केलंत."

"सर, मग मॅडमचा मेमो..." मी म्हणाले.

"तो ॲडमिनिस्ट्रेटिव्ह विषय आहे. दोन वेगळे चौकोन आहेत, मिसळू नकोस." आणि मग, अगदी सहज, "इंटर्नल मार्क अजून भरायचे आहेत ना तुमचे?"

रुमाना बाहेर आल्यावर म्हणाली की ही धमकी होती. मी म्हणाले, नसेल. मला ती धमकी आहे हे कळलं होतं. म्हणूनच मी नसेल म्हणाले होते. मेमोची मुदत संपायला चार दिवस होते, आणि मॅडमनी खुलाशात काय लिहायचं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण प्रश्नचिन्ह आणि रेघांचं सगळं प्रकरण आम्हा दोघींनाच समजत होतं. मी तो खुलासा लिहून द्यायला हवा होता. दोन वेळा कागद पुढे घेतला. खाली सही कोणाची करायची इथे थांबले. घरातून कॉलेजात आलेली मी पहिली होते, मार्क गेले असते तर काय सांगणार होते?

मुदत संपायच्या आदल्या दिवशी वाशीला एका हॉलमध्ये बऱ्याच कॉलेजांच्या शिक्षकांची कार्यशाळा होती, आणि रेवणकर सरांचं भाषण होतं. विषय, मराठी रेकॉर्डचं जतन. आम्हाला दोघींना त्यांनी दुसऱ्या रांगेत बसायला नेलं होतं. आमचे प्राचार्य पहिल्या रांगेत होते. इथे प्रोजेक्टर चालू होता. पडद्यावर मोठा आकडा आला, सात. मग सगळे चौकोन आले. 'ऑफिस' लिहिलेला चौकोन आता नव्हता. त्या जागी 'रिकव्हरी' होतं.

सर चांगलं बोलले, हे कबूल करायला हवं. नष्ट झालेलं रेकॉर्ड आपल्या यंत्रणेनं कसं परत आणलं ते त्यांनी असं रंगवून सांगितलं की लोक पुढे सरकून ऐकत होते. शेवटी एक वयस्क गृहस्थ उठले. कुठल्या तरी ग्रंथालयातले होते. त्यांनी शांतपणे विचारलं की फायली परत आल्या हे समजलं, पण नावं तर पुसली गेली होती, मग नावं कशी परत आली?

सरांनी पॉइंटर उचलला. "ऑटोमॅटिक," ते म्हणाले. "म्हणजे त्याचे डिटेल्स आमची विद्यार्थिनी सांगेल. स्टँड अप."

ठिपका भिंतीवरून सरकत माझ्या ओढणीवर येऊन थांबला. कोणी तरी माइक आणून दिला.

मला भाषण करता येत नाही. आजही येत नाही. माझा आवाज इतका बारीक आला की दोनदा "मोठ्यानं" असं मागून ऐकू आलं. मी म्हणाले, "ऑटोमॅटिक नाही. घरत मॅडमनी टाकली नावं. आमच्या ऑफिसातल्या. एकेक फाइल उघडून, आठ दिवस." मग वाटलं की एवढ्यानं पुरणार नाही, म्हणून पुढचंही बोलले. "नावं त्यांनी आधीही बरोबरच दिली होती. मराठी नाव आमच्या प्रोग्रामलाच समजत नव्हतं. चूक प्रोग्रामची होती. आणि फॉरमॅट सात नाहीत. दोन आहेत."

रुमानानं खालून माझा हात धरला. ते ग्रंथालयवाले गृहस्थ म्हणाले, "त्या बाईंना बोलवायला हवं होतं इथे," आणि बसले. आमच्या प्राचार्यांनी मागे वळून पाहिलं, मला नाही, रुमानाला विचारलं, "घरत म्हणजे आपल्या?" रुमाना म्हणाली, "हो सर. ज्यांना तुम्ही मेमो दिलाय." प्राचार्य पुन्हा पुढे बघायला लागले. त्यांची मान लाल झाली होती.

मेमो मागे घेतला गेला, तोंडी. कागदावर तो अजून फाइलीत आहे असं मॅडम सांगतात. जूनमध्ये त्यांना कंत्राट मिळालं आणि त्या खिडकीत परत बसल्या. आमचे इंटर्नल मार्क जेमतेम पास होण्याएवढे आले. वडिलांनी विचारलं, कमी का? मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, पास झालीस ना.

पण सर मला आठवतात ते त्या हॉलमधले, भाषण संपल्यानंतरचे. चहा चालू होता. मी दाराशी उभी होते. सर लोकांना नमस्कार करत माझ्याकडेच येताना दिसले. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी राहिले. मला वाटलं, ओरडतील, निदान ओठ तरी चावतील. तसं झालं असतं तर मी त्यांच्याविषयी वेगळं काही लिहिलं असतं.

सर जवळ आले. चेहऱ्यावर राग नव्हता, शरमही नव्हती. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"धीट बोललीस," ते म्हणाले. "फक्त एक लक्षात ठेव. माइक हातात आला की सुरुवातीला गाइडचं नाव घ्यायचं असतं."

तेवढ्यात फोटोसाठी हाक आली. सर वळले, आणि पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर दुसरं कोणी बसायच्या आत जाऊन बसले.